पितृपक्षातली इंजेक्शनं

"लग्न न झालेल्या पोरीची बीजं काढून ठेवायची, आणि तीही पितृपक्षात. शास्त्रात बसतं का हे? तूच सांग."

आईने हे विचारलं तेव्हा ती रागावलेली नव्हती, भ्यायलेली होती. तिचं वय चौऱ्याऐंशी. नात, म्हणजे माझी भाची, एकोणतीस वर्षांची, आणि तिला स्तनाचा कॅन्सर. शस्त्रक्रिया श्रावणात झाली होती, केमो नवरात्राच्या सुमाराला सुरू व्हायची होती, आणि मधल्या दिवसांत स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. प्रश्न माझ्याकडे आला, कारण घरात पौरोहित्य मी करते. पुण्यात सत्तरच्या दशकात थत्तेमामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं. त्या परंपरेतल्या एका बाईंकडे मी शिकले. लग्नं लावते, वास्तुशांत करते, श्राद्धं करते. पितृपक्ष हा माझ्या सर्वांत धावपळीचा पंधरवडा.

आईला मी तेव्हा एवढंच म्हटलं, "बसतं. आणि आजच सुरू करायचं." ती गप्प बसली. मला मात्र ते उत्तर पुरलं नाही. घाईत दिलेलं खरं उत्तरसुद्धा नंतर नीट तपासून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर अशा घरांतून मला पुष्कळ फोन आले आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वैद्यकातलं. बाईच्या अंडाशयात जन्मतःच सगळी बीजं असतात, दहा ते वीस लाख. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि नवी पुढे तयार होत नाहीत. भाचीच्या केमोत सायक्लोफॉस्फामाइड होतं. ते कॅन्सरच्या पेशींबरोबर अंडाशयात विसावलेल्या बीजांनाही मारतं. किती, ते वयावर आणि मात्रेवर अवलंबून. पाळी परत येते पुष्कळदा, पण साठा घटलेला असतो. शिवाय तिची गाठ हार्मोनवर वाढणारी, म्हणून केमोनंतर टॅमॉक्सिफेन, पाच ते दहा वर्षं, आणि ती गोळी चालू असताना गरोदर राहायचं नाही. म्हणजे केमोतून बीजं वाचली तरी वय थांबत नाही.

पूर्वी यासाठी पाळीची वाट पाहत. आता महिन्याच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर, त्वचेखाली इंजेक्शन. त्या दिवसांत इस्ट्रोजेन वाढून गाठीचं फावू नये म्हणून जोडीला लेट्रोझोलची गोळी. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. शेवटी थोडी भूल देऊन सुईने बीजं काढतात, क्षणात गोठवतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. हे काही नवखं राहिलेलं नाही. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिलं मूल १९८६ साली जन्मलं, आणि अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकाच्या संस्थेने २०१२ साली या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढून टाकला. ज्या मुली वयातच आलेल्या नाहीत त्यांच्यासाठी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात. अशा ऊतीचं पुन्हा रोपण करून पहिलं बाळ २००४ साली बेल्जियममध्ये झालं. त्या बाईला हॉजकिन्सचा कॅन्सर होऊन गेला होता.

वहिनीचा हात थरथरायचा, म्हणून इंजेक्शन द्यायला मी शिकले. सकाळी कुणाच्या तरी घरी पिंड मांडायचे, दुपारी आंघोळ करून जेवायचं आणि संध्याकाळी भाचीच्या पोटाची चिमूट धरून सुई टोचायची, असा तो पंधरवडा गेला.

पितृपक्षाचं म्हणाल तर त्यात अडचण काहीच नव्हती. वर्ज्य आहेत ती मंगलकार्यं, लग्न, मुंज, गृहप्रवेश. औषध हे मंगलकार्य नव्हे. आतुराला, म्हणजे रोग्याला, धर्मशास्त्राने व्रतं, उपास, स्नान, वेळा सगळ्यांतून सूट दिली आहे. हे आईलाही ठाऊक होतं. तिची खरी भीती वेगळी होती आणि ती दोन दिवसांनी बाहेर आली. "तिला मूल झालं नाही, तर पुढे तिला पाणी कोण देईल?"

या भीतीला आपल्याकडे फार मोठा आधार आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो. ऋषींचं ऋण अध्ययनाने फिटतं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाच्या तपस्व्याला त्याचे पितर खड्ड्यात उलटे लोंबताना दिसतात. गवताच्या एका जुडीला ते लटकले आहेत, आणि तिची उरलेली मुळी उंदीर कुरतडतो आहे. तो उंदीर म्हणजे काळ, आणि उरलेली मुळी म्हणजे स्वतः जरत्कारू, कारण त्याने लग्न केलेलं नाही. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकून मला रात्री झोप आली नव्हती.

मोठेपणी मूळ कथा वाचली, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पितर ज्याला विनवतात तो धडधाकट पुरुष आहे. त्याला लग्न नको आहे, एवढंच. तो अटीही घालतो. बायको माझ्याच नावाची हवी, भिक्षेत मिळाली पाहिजे, तिला मी पोसणार नाही. आणि पुढे जो मुलगा होतो, आस्तिक, तो लक्षात राहतो ते त्याने पितरांना पिंड दिले म्हणून नाही. जनमेजयाच्या यज्ञात जळणारे सर्प त्याने वाचवले, म्हणून. ज्यांच्याशी नातं फक्त आईच्या बाजूने, आणि ज्यांना सगळे मारायला निघाले होते, त्यांच्यासाठी तो राजाच्या मंडपात उभा राहिला. व्यासांना संततीकडून काय अपेक्षित आहे ते मला तिथे दिसतं.

आणि पाण्याचं. मी तर्पण सांगते त्यात बाप, आजा, पणजा येतात. आई, आजी, पणजी येतात. आईच्या माहेरचे येतात. मग गुरू, मित्र, सोयरे, आणि शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे. त्याच्याही शेवटी ओलं वस्त्र पिळतात. ते पिळलेलं पाणी आपल्या कुळातल्या निपुत्रिक मेलेल्यांसाठी असतं. शिकत होते तेव्हा मला हे टोचायचं. सगळ्यांना ओंजळीने, आणि त्यांना धोतराचं पिळून? मी बाईंना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "विसरलेलं नाही ना? तेवढं बघ." मला ते पूर्ण पटलेलं नाही, आजही नाही. पण माघ शुद्ध अष्टमीला माझं समाधान होतं. त्या दिवशी भीष्मांना तर्पण करतात, आणि एरवी ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी तर्पण करायचं नसतं, तरी हे करतात. ज्याने बापाच्या सुखासाठी मूल होऊ द्यायचं नाही अशी शपथ घेतली, त्याला पूर्ण ओंजळीने, सगळ्यांच्या हातून पाणी मिळतं.

ज्ञानदेवांच्या चौघा भावंडांत कुणालाच मूल नव्हतं. विठ्ठलपंतांचं घर तिथे संपलं. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत पाय ठेवायला जागा नसते, आणि आलेला प्रत्येक जण त्यांना माउली म्हणतो.

तेव्हा आईला मी सांगितलं की तिच्या पाण्याची काळजी करू नकोस. तिला मूल झालं नाही, तरी ती कुठे लोंबकळत राहणार नाही. पितरांचं देणं कर्करोगाने खंगलेल्या पोरीच्या अंडाशयातून वसूल करावं, असं कुठल्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. दूरच्या एका नातेवाइकांनी याच सुमाराला त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करून या, पितृदोष असेल, असा निरोप पाठवला. मी त्यांना फोन करून सांगितलं की रोगाचं कारण तिच्या पूर्वजन्मात शोधायचं असेल तर तिच्यासमोर शोधू नका, आणि माझ्यासमोर तर मुळीच नको. विधीवर माझा राग नाही. पण आजारी माणसाच्या डोक्यावर अपराधाचं ओझं ठेवायला विधी वापरतात, तेव्हा मी पुरोहित म्हणून गप्प बसू शकत नाही.

मग मला खरी अडचण दिसली. निपुत्रिक माणूस बुडत नाही, असं मीच म्हणते. तर मग बीजं गोठवायची कशाला? एवढा खर्च, सुया, कॅन्सरच्या ऐन घाईत आणखी एक भूल, आणि तेही मूल होईलच याची खात्री नसताना. एकेका बीजाची शक्यता थोडी असते, आणि वितळताना काही गळतात. ही आसक्ती नाही का? उपनिषदं शिकवणाऱ्या बाईने इथे "सोडून दे, पोरी" म्हणायला हवं होतं का? बृहदारण्यकात आहेच की आत्मा जाणलेले लोक पुत्राची, वित्ताची आणि लोकांची इच्छा मागे टाकून भिक्षेला निघतात.

याचं उत्तर भाचीनेच दिलं. सुई टोचून झाल्यावर बर्फ धरून बसली होती. म्हणाली, "आत्या, मला मूल हवंय की नाही, हे मला खरंच माहीत नाही. पण ते केमोने ठरवू नये."

मी याज्ञवल्क्याची गोष्ट इतकी वर्षं शिकवते, आणि तिचा हा भाग मला तिच्यामुळे समजला. याज्ञवल्क्य निघतो, तेव्हा आधी दोन्ही बायकांमध्ये संपत्ती वाटायला बसतो. त्याच्याकडे काही होतं, ते त्याने दिलं. चोरांनी लुटून नेलं असतं, तर त्याला त्याग म्हटलं नसतं. रामदास बोहल्यावरून निघून गेले, असं सांगतात. बोहला होता म्हणून ते निघू शकले. एषणा, म्हणजे इच्छा, सोडणारे ते ऋषी ती सोडू शकत होते, कारण ती पुरी करण्याची वाट त्यांच्यापुढे उघडी होती. एखाद्या मुलीचं मातृत्व औषधाच्या बाटलीने नेलं आणि आपण तिला वैराग्याचा उपदेश केला, तर तो उपदेश क्रूर होईल. बीजं ठेवली म्हणजे ती आई होईल असं नाही. पण उद्या ती "मला नको" म्हणाली, तर ते "नको" तिचं असेल. गृहस्थाश्रम आणि त्याग, दोन्ही दारं तिच्यासाठी उघडी ठेवायची, तर हे करावंच लागतं. माझ्या मनातला धर्माचा प्रश्न इथे सुटला.

एकदा हे मान्य केलं की पुढचे निर्णय कुणाचे, हेही ठरतं. तिचं एका मुलाशी लग्न ठरल्यात जमा होतं. तो चांगला आहे, अजूनही आहे. तो म्हणाला, नुसती बीजं कशाला, आपण भ्रूण करून ठेवू. प्रेमानेच म्हणाला. पण भ्रूण दोघांचा असतो. इंग्लंडमध्ये एका बाईची दोन्ही अंडाशयं काढायची होती, त्याआधी २००१ साली तिने जोडीदाराबरोबर सहा भ्रूण गोठवले. नंतर ते वेगळे झाले, त्याने संमती काढून घेतली, आणि ती युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत जाऊनही २००७ साली हरली. त्या पुरुषाला बळजबरीने बाप करू नये, हेही मला पटतं. म्हणूनच भाचीची बीजं तिची तिलाच असू द्यावीत. आपल्याकडच्या २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यातही एकटी स्त्री स्वतःची बीजं ठेवू शकते. भाचीने बीजंच ठेवली.

आईने विचारलं, "त्यांच्यात जीव असतो का? उद्या टाकून दिली तर सुतक?" हा प्रश्न मला आवडला, कारण तो नेमका होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची व्याख्या आहे. शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग होऊन तो कुशीत आला, की त्याला गर्भ म्हणायचं. नुसतं बीज त्यात कुठेच बसत नाही. मनुस्मृतीत गर्भस्राव झाला तर जितके महिने तितक्या रात्री आईला अशौच सांगितलं आहे, श्राद्ध नाही. तेव्हा गोठवलेल्या बीजाचं सुतक नाही. चरकाला आजची प्रयोगशाळा ठाऊक होती, गांधारीच्या तुपाच्या कुंभांत हेच तंत्र होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांनी त्या कथेचंही नुकसान केलं आहे आणि प्रयोगशाळेत बारा-बारा तास उभं राहून काम करणाऱ्यांचाही अपमान केला आहे. कॅथलिक चर्चने २००८ च्या आपल्या निवेदनात भ्रूण गोठवणं आणि शरीराबाहेर गर्भधारणा करण्यासाठी बीजं गोठवणं, दोन्ही नाकारलं. मी त्या निष्कर्षाशी सहमत नाही. पण भ्रूण हे वापरून टाकायचं साहित्य नाही, हा त्यामागचा आदर मला आपल्याकडेही हवासा वाटतो.

सर्वांत अवघड होती फॉर्मवरची एक ओळ. तुमचा मृत्यू झाल्यास या बीजांचं काय करावं? दादा म्हणाला, "राहू दे ना. आपण बघू." त्याच्या त्या "आपण"मध्ये बाप होता, आणि मुलगी गेली तर तिचं काहीतरी मागे उरावं ही आस होती. असं झालेलं आहे. जर्मनीत शिकणाऱ्या एका तरुणाला मेंदूचा कॅन्सर झाला, तिथे केमोआधी त्याने वीर्य गोठवलं, २०१६ साली तो गेला. त्याच्या आईने ते भारतात आणलं आणि २०१८ मध्ये आपल्या पुण्यातच सरोगसीने तिला जुळी नातवंडं झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका आईवडिलांना कॅन्सरने गेलेल्या मुलाचं गोठवलेलं वीर्य द्यायला सांगितलं. मृताची संमती दाखवता येत असेल तर असं मूल जन्माला घालायला कायद्याची आडकाठी नाही, असं ते म्हणालं. या आयांबद्दल मी वावगं बोलणार नाही. त्यांचं दुःख माझ्या वाट्याला आलेलं नाही. पण भाचीने त्या ओळीपुढे "नष्ट करावीत" असं लिहिलं आणि दादाकडे कागद सरकवला. म्हणाली, "बाबा, माझ्या जागी कुणाला आणू नका." दादा उठून बाहेर गेला. नंतर त्याने तिच्या हट्टाबद्दल मला खूप बोलून घेतलं, आणि मी त्याला एकच उत्तर दिलं: श्राद्धात आपण गेलेल्यांना तृप्त हो म्हणतो, परत ये म्हणत नाही.

हे लिहिताना ती टॅमॉक्सिफेनवर आहे. कायद्याने बीजं दहा वर्षं ठेवता येतात. गोळ्याही दहा वर्षं चालल्या, तर दोन्ही मुदती एकमेकींच्या अंगावर येतात, आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठी तरी ही मर्यादा वाढवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुलासाठी हार्मोनचं औषध दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या बायकांमध्ये सुरुवातीच्या काही वर्षांत तरी रोग उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला हे सांगितलं आहे. तिने अजून काही ठरवलेलं नाही, आणि घरात कुणी विचारत नाही. आई तिच्यासाठी हरतालिकेचा उपास धरायची, तो मी बंद करायला लावला, आईचं वय बघून.

एका गोष्टीने मात्र मला अजून त्रास होतो. भाचीला हे सुचवलं गेलं, कारण शस्त्रक्रियेनंतर ज्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही मत विचारायला गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. आधी जिथे उपचार चालू होते तिथे केमोची तारीख ठरली होती आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आमच्याकडे दीड-दोन लाख उभे करता आले, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना तर कुणी विचारतही नाही. पुरुषांच्या बाबतीत तर हे फारच सोपं आहे. वीर्य गोठवायला फार तर एक-दोन दिवस लागतात, खर्च त्या मानाने किरकोळ, आणि गोठवलेल्या वीर्यापासून गेल्या शतकाच्या पन्नासच्या दशकापासून मुलं जन्मत आहेत. तरी संकोचाने तोंड उघडत नाही, ना डॉक्टरांचं ना बापाचं.

गेल्या मार्गशीर्षात सोलापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. बावीस वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर, दोन दिवसांनी केमो. महामृत्युंजयाचा जप करायचा होता, दिवस कोणता चांगला, असं विचारत होते. मी त्यांना विचारलं, मुलाचं वीर्य गोठवून ठेवलंय का? पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "ताई, असं काही असतं?" मी त्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता वॉर्डातल्या डॉक्टरांना जाऊन विचारा, केमोच्या आधी, आणि मुलाला एकट्याला विचारा, तुम्ही बाहेर थांबा. जप मी उद्यापासून करते. तिथी बघायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला की मुलगा तयार झाला, डॉक्टरांनी सोय केली, नमुना दिला. तापामुळे शुक्राणू कमी आहेत, पण ठेवण्याइतके आहेत.